पायगेममधली चित्रं आणि ओपन सोर्समधलं पहिलं योगदान: काय आधी, काय नंतर

पायगेम या पायथनमधल्या गेम बनवायच्या लायब्ररीत चित्र पडद्यावर आणायला दोन-तीन ओळी पुरतात. त्यामुळे ते जमलं असं लगेच वाटतं. खरी अडचण पुढे येते. चित्रं वाढली की गेम रखडतो, पात्राभोवती काळा चौकोन दिसतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर फाईलच सापडत नाही. हीच मंडळी मग एखाद्या ओपन सोर्स गेमला मदत करायला जातात, तेव्हा त्यांची पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) महिनोन्‌महिने पडून राहते. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच आहे: पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे सगळं क्रमानेच घेतलं आहे. पायथनमधले फंक्शन, क्लास आणि लूप तुम्हाला येतात असं धरलं आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच लिहायची.

१. तयारी: एकच पायगेम, एकच फोल्डर

आधी प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (फक्त त्याच्या लायब्ररी ठेवायची स्वतंत्र जागा) बनवा आणि ते चालू करूनच पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, लायब्ररी घ्या. पायगेमचे आज दोन प्रवाह आहेत: मूळ पायगेम आणि २०२३ मध्ये त्यातून वेगळं झालेलं पायगेम-सीई. दोघांनाही कोडमध्ये ‘इम्पोर्ट पायगेम’ असंच लिहितात, कारण मॉड्यूलचं नाव एकच आहे. त्यामुळे दोन्ही एकत्र इन्स्टॉल केली तर एकाच्या फाईली दुसऱ्यावर चढतात आणि कशाचा कशाला मेळ राहत नाही. सीई हवं असेल तर जुनं पायगेम आधी अनइन्स्टॉल करा, मग सीई घ्या. ज्या प्रोजेक्टला योगदान द्यायचं आहे तिथे कोणतं वापरतात हे रिक्वायरमेंट्स किंवा पायप्रोजेक्ट फाईलमध्ये पाहा आणि तेच घ्या.

चित्रांसाठी ‘असेट्स’ नावाचा एक फोल्डर ठेवा. फाईलींची नावं सगळी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. ही शिस्त दिसते तेवढी किरकोळ नाही. विंडोजवर ‘प्लेयर’चं पहिलं अक्षर मोठं असो वा लहान, फाईल उघडते. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाईली ठरतात आणि गेम सुरू होतानाच कोसळतो.

फाईलचा पत्ता कधीही नुसता ‘असेट्स/प्लेयर.पीएनजी’ असा लिहू नका. असा पत्ता तुम्ही टर्मिनलमध्ये ज्या फोल्डरात उभे आहात तिथून मोजला जातो. कोडची फाईल कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. पाथलिबमधला ‘पाथ’ घ्या, त्याला ‘__फाईल__’ द्या, ‘रिझॉल्व्ह’ करून ‘पेरेंट’ काढा आणि त्याला असेट्स जोडा.

सावधान: स्वतःच्या फाईलला ‘पायगेम.पीवाय’ किंवा ‘रँडम.पीवाय’ असं नाव देऊ नका. पायथन आधी तुमचीच फाईल इम्पोर्ट करतो आणि मग येणाऱ्या एररवरून काही उलगडत नाही.

तपासा: टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या बाहेरच्या फोल्डरात जाऊन तिथून गेम चालवा. चित्रं दिसली तर पत्ता बरोबर आहे.

२. आधी विंडो, मग चित्र

क्रम असा: ‘इनिट’, मग ‘डिस्प्ले.सेट_मोड’ने विंडो, मग ‘इमेज.लोड’, आणि लगेच त्यावर ‘कन्व्हर्ट’ किंवा ‘कन्व्हर्ट_अल्फा’. विंडो नसताना कन्व्हर्ट केलं की एरर येते, कारण कन्व्हर्ट म्हणजे चित्राचे पिक्सेल पडद्याच्या रचनेत बसवणं, आणि पडदाच ठरलेला नसतो. मॉड्यूलच्या वरच्या भागात, कुठल्याही फंक्शनबाहेर चित्रं लोड करणाऱ्यांना ही एरर हमखास भेटते: इम्पोर्ट होतानाच लोड धावतं आणि विंडो उघडायची राहिलेली असते. चित्रं लोड करणारं एक फंक्शन बनवा आणि सेट_मोडनंतर ते एकदाच बोलवा.

कन्व्हर्ट गाळलं तरी चित्र दिसतं, म्हणून बरेच जण ते गाळतात. पण मग प्रत्येक ब्लिटच्या (चित्र पडद्यावर उतरवण्याच्या) वेळी पिक्सेलचं रूपांतर नव्याने करावं लागू शकतं आणि ती किंमत प्रत्येक फ्रेमला मोजावी लागते. अपारदर्शक पार्श्वभूमीला कन्व्हर्ट, पारदर्शक कडा असलेल्या पात्रांना कन्व्हर्ट_अल्फा. उलट केलं तर पात्रामागे तो काळा चौकोन येतो: साध्या कन्व्हर्टमध्ये प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता निघून जाते.

मेमरीचा हिशेबही इथेच करून घ्या. पीएनजी फाईल डिस्कवर किती लहान आहे याला फारसा अर्थ नाही. लोड झाल्यावर २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचं चित्र, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने, सुमारे १६ एमबी जागा घेतं. शत्रूच्या क्लासच्या ‘__इनिट__’मध्ये लोड लिहिलं असेल तर प्रत्येक शत्रूबरोबर डिस्कवरून पुन्हा वाचन आणि मेमरीत नवी प्रत. चित्र एकदा लोड करून डिक्शनरीत ठेवा आणि सगळ्या शत्रूंना तीच सरफेस (मेमरीतलं चित्र) द्या.

तपासा: एडिटरमध्ये ‘इमेज.लोड’ शोधा. ते फक्त त्या एका फंक्शनमध्ये सापडलं पाहिजे.

३. लूपमधला क्रम आणि न हलणारं पात्र

प्रत्येक फ्रेममध्ये चार कामं, याच क्रमाने: इव्हेंट वाचणं, जागा बदलणं, चित्र काढणं, ‘डिस्प्ले.फ्लिप’ (काढलेलं पडद्यावर दाखवणं). इव्हेंट वाचले नाहीत तर थोड्या वेळाने ऑपरेटिंग सिस्टीम विंडो बंद पडल्याचं सांगते, मग आत गेम कितीही व्यवस्थित चालू असो. काढताना आधी पार्श्वभूमी, मग वस्तू, शेवटी गुण आणि आयुष्यं. पार्श्वभूमी पुन्हा रंगवली नाही तर पात्रामागे त्याच्याच जुन्या प्रतींची शेपटी राहते. फ्लिप फ्रेममध्ये एकदाच. प्रत्येक पात्राच्या ‘ड्रॉ’मध्ये फ्लिप लिहिलेला कोड मी खूपदा पाहतो, पडदा लुकलुकण्याचं कारण बहुधा तेच असतं.

वेगासाठी ‘क्लॉक.टिक(६०)’ जे मिलिसेकंद परत देतं त्यांना १००० ने भागा आणि वेग त्याने गुणा. म्हणजे संगणक हळू असो वा जलद, पात्र सेकंदाला तेवढंच अंतर कापतं. विंडोजवर विंडो माऊसने ओढली की लूप थबकतो आणि सोडल्यावर तो आकडा एकदम मोठा येतो. पात्र भिंतीच्या पार निघून जातं. म्हणून त्याला ०.०५ सारखी कमाल मर्यादा घाला.

आता ती चूक, जिच्यापायी लोक तासन्‌तास घालवतात. पायगेमचा ‘रेक्ट’, म्हणजे पात्राची जागा आणि आकार सांगणारा चौकोन, फक्त पूर्णांक साठवतो. समजा पात्राचा वेग सेकंदाला ४० पिक्सेल आहे आणि गेम ६० फ्रेमने चालतोय. एका फ्रेमला सरकायचं अंतर साधारण ०.६७ पिक्सेल. पात्र १०० वर आहे. उजवीकडे गेलं की १००.६७ होतं, रेक्ट अपूर्णांक कापतो, पुन्हा १००. पात्र जागचं हलत नाही. डावीकडे गेलं की ९९.३३ होतं, कापून ९९. म्हणजे एका फ्रेमला पूर्ण एक पिक्सेल, सेकंदाला ६०. एकाच कोडमध्ये उजवीकडे शून्य आणि डावीकडे दीडपट वेग! कीबोर्डच्या कोडमध्ये चूक शोधून हाती काही लागत नाही, कारण चूक तिथे नसतेच. उपाय सोपा आहे: खरी जागा ‘व्हेक्टर२’मध्ये ठेवा, हिशेब तिच्यावर करा आणि काढण्याआधी गोल करून रेक्टला द्या. पायगेम-सीईमध्ये अपूर्णांक साठवणारा ‘एफरेक्ट’ही आहे.

तपासा: वेग मुद्दाम कमी करून पात्र दोन्ही दिशांना चालवा. सारखं अंतर सारख्या वेळात कापलं पाहिजे.

४. फिरवणं, मोठं करणं, शीटमधून कापणं

फिरवताना नेहमी मूळ चित्रापासून सुरुवात करा. आधीच फिरवलेलं चित्र पुन्हा फिरवलं की दर वेळी त्याची सरफेस मोठी होत जाते आणि पिक्सेल खराब होत जातात. थोड्याच वेळात चित्र पुसट होतं आणि गेम रखडतो. मूळ सरफेस एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, कोन दुसऱ्यात, आणि प्रत्येक वेळी मूळ चित्र एकूण कोनाने फिरवा. फिरवल्यावर आकार बदलतो, म्हणून ‘गेट_रेक्ट’ला जुना ‘सेंटर’ द्या, नाहीतर पात्र फिरताना डगमगतं. धन कोन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतो, हेही ध्यानात असू द्या.

पिक्सेल आर्ट मोठं करायला ‘ट्रान्सफॉर्म.स्केल’ वापरा, तेही पूर्ण पटीत: दुप्पट, तिप्पट. ‘स्मूथस्केल’ पिक्सेल मिसळून कडा धूसर करतं. फोटोसारख्या चित्राला ते चांगलं. आणि हे सगळं लोड करताना उरकून घ्या, लूपमध्ये नको.

शीटमधून (अनेक फ्रेम एकत्र असलेल्या चित्रातून) एकेक फ्रेम ‘सबसरफेस’ने कापता येते. ती स्वतंत्र प्रत नसते. पिक्सेल मूळ शीटचेच असतात. त्यामुळे एका फ्रेमवर रंग ओतला की शीटही रंगते. बदल करायचा असेल तर ‘कॉपी’ करा.

५. पडद्यावर मराठी

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी हा टप्पा महत्त्वाचा आहे, आणि बरेच जण इथे हात टेकून इंग्रजीकडे वळतात. तसं करायची गरज नाही. दोन वेगळ्या अडचणी एकत्र दिसतात, त्या सुट्या करा. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन आले तर फाँटमध्ये देवनागरी नाही; नोटो सान्स देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा फाँट असेट्समध्ये ठेवून तो फाईलवरूनच उघडा. अक्षरं येतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात, तर जुळणी होत नाहीये. त्यासाठी पायगेम-सीईमध्ये फाँटवर ‘सेट_स्क्रिप्ट’ ही मेथड आहे; तिला देवनागरीचा चार अक्षरी कोड ‘देवा’ द्यायचा. तिला फाँट हाताळणाऱ्या एसडीएल टीटीएफ लायब्ररीची २.२० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते.

तपासा: ‘किल्ल्यात शक्ती शिल्लक’ हे पडद्यावर लिहा. वेलांट्या आणि जोडाक्षरं दोन्ही एका नजरेत कळतात.

‘फाँट.रेंडर’ प्रत्येक फ्रेमला बोलवू नका. गुण बदलले तरच नवी सरफेस बनवा, नाहीतर जुनीच ब्लिट करा.

६. योगदान: कोड लिहिण्याआधीचं वाचन

स्वतःच्या गेममध्ये वरचं सगळं बसलं की दुसऱ्याच्या कोडमधल्या याच चुका तुम्हाला दिसू लागतील. पहिलं योगदान तिथूनच निवडा. मोठं नवं वैशिष्ट्य घेऊन जाऊ नका. डॉक्युमेंटेशनमधलं चुकीचं वाक्य, न चालणारं उदाहरण, प्रत्येक फ्रेमला होणारं लोड, फिरताना डगमगणारं पात्र: असलं काम मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) दहा मिनिटांत तपासता येतं, आणि म्हणून ते स्वीकारलं जातं.

वाचायचा क्रम: रीडमी, मग कॉन्ट्रिब्युटिंग फाईल, मग परवाना, मग उघडे इश्यू (नोंदवलेल्या चुका आणि सूचना). शेवटी बंद झालेले इश्यूही शोधा, कारण तुम्हाला चूक वाटणारी गोष्ट तिथे चर्चा करून मुद्दाम तशी ठेवलेली असू शकते. इश्यूवर कुणी आधीच काम करत असेल तर दुसरा निवडा. मोकळा असेल तर काय करणार हे दोन वाक्यांत लिहा.

चूक नवीन असेल तर ती दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहा. इथे सर्वात जास्त घाई होते. लोक अख्खा गेम झिप करून जोडतात आणि तो उघडून पाहायला कुणालाही वेळ नसतो. वीसेक ओळींत बसवा. बाहेरचं चित्र नको. ‘सरफेस’ बनवून ‘फिल’ने रंग भरा, अर्ध्या भागावर दुसरा रंग द्या म्हणजे फिरणं दिसेल. सोबत पायथनची आवृत्ती, पायगेमची आवृत्ती, ‘गेट_एसडीएल_व्हर्जन’चं उत्तर (पायगेमखालच्या एसडीएल लायब्ररीची आवृत्ती) आणि ऑपरेटिंग सिस्टीम. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन्ही लिहा. हा छोटा प्रोग्राम लिहितानाच पुष्कळदा चूक आपल्याच कोडमध्ये सापडते.

७. ब्रँच, बदल, चाचणी

रिपॉझिटरी (गिटमध्ये ठेवलेला प्रोजेक्टचा सगळा कोड) फोर्क करा, म्हणजे तिची प्रत स्वतःच्या खात्यात घ्या, तो फोर्क क्लोन करून संगणकावर उतरवा, आणि मूळ रिपॉझिटरी ‘अपस्ट्रीम’ नावाने जोडा. मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) काम करू नका. प्रत्येक बदलाला नवी ब्रँच, तीही अपस्ट्रीमच्या ताज्या मेनवरून. काही बदलण्याआधी प्रोजेक्टच्या चाचण्या एकदा चालवून पाहा. आधीपासून नापास होणारी चाचणी कुठली हे आत्ता कळलं नाही, तर नंतर तिचा दोष स्वतःकडे घेऊन बसाल.

सावधान: एडिटरचा ऑटो-फॉरमॅट बंद करा किंवा प्रोजेक्टचाच फॉरमॅटर वापरा. तीन ओळींचा बदल करून फाईल सेव्ह केली आणि एडिटरने सगळ्या फाईलीतले अवतरणचिन्ह बदलले, तर तपासणाऱ्याला शेकडो ओळींत तुमच्या तीन ओळी शोधाव्या लागतात.

चित्रांच्या कोडची चाचणी पडद्याशिवायही करता येते. ‘एसडीएल_व्हिडिओड्रायव्हर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘डमी’ ही किंमत डिस्प्ले सुरू होण्याआधी द्या. विंडो न उघडता सगळं चालतं. मग ‘गेट_साइझ’ने आकार आणि ‘गेट_अ‍ॅट’ने ठरावीक पिक्सेलचा रंग तपासा. ९० अंशांनी फिरवलेल्या चित्राची रुंदी-उंची अदलाबदल झाली का, एवढी चाचणीही कामाची असते. धूसर कडेवरचा पिक्सेल तपासायला घेऊ नका. वेगवेगळ्या यंत्रणांवर तो किंचित वेगळा येऊ शकतो. चाचणी जुन्या कोडवर नापास आणि नव्या कोडवर पास झाली पाहिजे. जुन्यावरही पास होत असेल तर ती काहीच सिद्ध करत नाही.

कमिट करताना (बदल गिटमध्ये नोंदवताना) ‘गिट अ‍ॅड’ला टिंब देण्याची सवय मोडा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पायकॅश, कुठला तरी स्क्रीनशॉट, सगळं आत जातं. फाईलींची नावं देऊन अ‍ॅड करा आणि कमिटआधी ‘गिट डिफ’ला ‘स्टेज्ड’ लावून प्रत्येक ओळ वाचा.

८. चित्र द्यायचं असेल तर

चित्रकारांचं योगदान अनेक प्रोजेक्टना कोडइतकंच हवं असतं, पण ते देण्याची रीत वेगळी. दोघांनी एकच पीएनजी बदलली तर गिट ती कोडसारखी एकत्र करू शकत नाही. एकाचं काम वाया जातं. म्हणून हात लावण्याआधी इश्यूवर सांगणं इथे अत्यावश्यक. कॅनव्हासचा आकार, फ्रेमची संख्या, रंगांचा संच आधीच्या चित्रांसारखाच ठेवा. फ्रेम ६४ बाय ६४ ची असेल आणि तुम्ही कडेची रिकामी जागा छाटलीत, तर शीट कापणारा कोड पुढच्या सगळ्या फ्रेम चुकीच्या कापेल. पीएनजीबरोबर लेयर असलेली मूळ फाईलही द्यायची का हे विचारा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही, पण गेमच्या चित्रांनी त्याच्या जवळपासही जाऊ नये.

आता परवाना, ज्यात लोक भाबडेपणाने अडकतात. इंटरनेटवर सापडलेलं चित्र, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते मुक्त नसतं; परवाना नाही म्हणजे परवानगी नाही. सीसी झिरो असेल तर वापरायला अट नाही. सीसी बाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं. सीसी बाय-एसए असेल तर बदललेलं चित्रही त्याच अटींवर द्यावं लागतं. नावात ‘एनसी’ किंवा ‘एनडी’ असेल तर ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये ते आणू नका: पहिल्यात व्यावसायिक वापराला मनाई आहे, दुसऱ्यात बदल करून वाटायला. ओपनगेमआर्टवर प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो आणि तो चित्रागणिक वेगळा असतो. एआयने बनवलेल्या चित्रांबाबत प्रोजेक्टचं धोरण वाचा. काही ठिकाणी ती घेतच नाहीत.

तपासा: क्रेडिट्स फाईलमध्ये प्रत्येक नव्या चित्रासमोर नाव, कुठून आलं, परवाना आणि तुम्ही काय बदललं, या चारही गोष्टी आहेत का?

९. पुल रिक्वेस्ट आणि त्यानंतर

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. वर्णनात इश्यूचा क्रमांक, काय बदललं, का बदललं आणि तुम्ही ते कसं तपासलं. चित्रांशी संबंधित बदलाला आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडाच. कोड चालवून पाहायला लागणारा वेळ वाचतो आणि उत्तर लवकर येतं.

आपोआप चालणाऱ्या चाचण्या लाल झाल्या तर घाबरून रिक्वेस्ट बंद करू नका. लॉग उघडा, पहिली एरर वाचा. फॉरमॅटची तक्रार असेल तर प्रोजेक्टचा फॉरमॅटर चालवा. फक्त लिनक्सवर नापास असेल तर फाईलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं आधी पाहा.

मेंटेनरने बदल सुचवले की त्याच ब्रँचवर नवे कमिट पुश करा. रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते. प्रत्येक सूचनेसाठी नवी रिक्वेस्ट उघडली तर आधीची चर्चा विखुरते. सूचना पटली नाही तर कारण देऊन तसं सांगा, त्यात उद्धटपणा नाही. बराच काळ उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. बहुतेक मेंटेनर हे काम फावल्या वेळात करतात.

दरम्यान मेन पुढे गेली आणि कॉन्फ्लिक्ट आला (त्याच ओळी दोन्हीकडे बदलल्या), तर अपस्ट्रीम फेच करा, ब्रँच रीबेस करा (तुमचे कमिट ताज्या मेनवर पुन्हा लावा) आणि ‘फोर्स-विथ-लीज’ लावून पुश करा. नुसता ‘फोर्स’ नको: तुमच्या ब्रँचवर मेंटेनरने काही दुरुस्ती केली असेल तर ती न विचारता पुसली जाते. रीबेसनंतर चाचण्या पुन्हा चालवा, कारण कॉन्फ्लिक्ट सोडवताना एखादी ओळ गळालेली असते.

मर्ज झाल्यावर (बदल मूळ कोडमध्ये घेतला गेल्यावर) स्थानिक मेन अपस्ट्रीमशी जुळवा, जुनी ब्रँच दोन्हीकडून काढून टाका आणि पुढचं काम ताज्या मेनवरून नव्या ब्रँचवर सुरू करा. जुन्याच ब्रँचवर पुढचं काम चालू ठेवलं आणि प्रोजेक्ट स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज करत असेल, तर आधीच गेलेले कमिट पुढच्या रिक्वेस्टमध्ये पुन्हा दिसतात.